छपराचा परवाना

(प्रभागांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घराचे छप्पर कशाचे असावे आणि ते बदलण्यास कोणाची परवानगी लागावी, हा प्रश्न राजकीय पक्षाच्या अभ्यासवर्गात चर्चेस यावा काय, अशी शंका काहींच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. जमिनीचा प्रश्न, वेतनाचा प्रश्न, महागाईचा प्रश्न यांच्या रांगेत छपराचा प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दिवसभर विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या किंवा शिलाईयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीला तो क्षुल्लक वाटत नाही. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलेल्या आणि दुपारी त्याच पत्र्याखाली झोपेसाठी तळमळणाऱ्या कामगारालाही तो क्षुल्लक वाटत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख लोक, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपैकी शेकडा ४१ हून अधिक, झोपडवस्तीत राहत होते. यांच्यापैकी बहुसंख्यांच्या डोक्यावर लोखंडी अथवा सिमेंटचा पत्रा आहे. त्या पत्र्याखालचे जीवन हा श्रमजीवी वर्गाच्या आरोग्याचा, मिळकतीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

पत्रा दिवसा तापतो आणि आपली उष्णता खाली फेकतो. खोलीतला पंखा तीच तापलेली हवा फिरवीत राहतो. पत्र्यावर पांढरा लेप दिला किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसविला तर आतील तापमान साधारणतः २ ते ५ अंशांनी उतरते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. जेथे कूलर लावण्याची ऐपत असते तेथे विजेचा वापर शंभर युनिटांच्या पलीकडे जातो आणि पुढील टप्प्याचा चढा दर लागू होतो. याचा अर्थ, वाईट छपराचा दंड गरीब कुटुंब दोनदा भरते, एकदा शरीराने आणि एकदा वीजबिलाने. अशा स्थितीत माणसाने स्वतःच्या पैशाने छप्पर सुधारावयाचे ठरविले, तर नगरपालिकेने त्याला हात द्यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कायदा काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे.

‘त्याच साहित्याचे’ छप्पर

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम ३४२ अन्वये इमारतीत भर घालणे, फेरबदल करणे यासाठी आयुक्तांना पूर्वसूचना द्यावी लागते. ‘भाडेकरूयोग्य दुरुस्ती’ मात्र या बंधनातून वगळली आहे. ही दुरुस्ती म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण कलमातच दिले आहे. गिलावा करणे, रंग देणे, फरशी बदलणे, नळ, मोऱ्या व विजेची जोडणी दुरुस्त करणे ही कामे त्यात येतात. छपराच्या बाबतीत मात्र कायद्याचा शब्द असा की, छप्पर त्याच साहित्याने बदलता येईल. त्यापुढे जे वगळले आहे तेही स्पष्ट आहे: बांधकामाच्या आडव्या वा उभ्या मापात बदल, पोटमाळ्याची भर, छप्पर सपाट करणे आणि भिन्न साहित्याने छपराची दुरुस्ती. ही कामे ‘दुरुस्ती’ नव्हेत. ती विनापरवाना केली तर कलम ३५१ ची नोटीस, काम चालू असेल तर कलम ३५४-अ ची नोटीस, आणि अखेरीस हातोडा.

या शब्दरचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सडलेल्या पत्र्याच्या जागी नवा पत्रा टाकला तर कायदा गप्प बसतो. त्या पत्र्याच्या जागी उष्णता अडविणारा दुहेरी पत्रा, कौले अथवा अन्य थंड साहित्य घातले तर कायदा जागा होतो. फुटलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याच्या जागी पुन्हा अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचाच पत्रा घालणे निर्वेध आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्याने कर्करोग होतो हे सर्वमान्य आहे, साठांहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे आणि भारतातही त्याच्या कामगारांच्या आरोग्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्देश दिले आहेत. तरीही जो माणूस या घातक पत्र्यापासून मुलाबाळांची सुटका करू पाहतो, तोच कायद्याच्या दृष्टीने ‘फेरबदल’ करणारा ठरतो. जुने वाईट साहित्य तसेच ठेवणाऱ्याला अभय आणि ते सुधारणाऱ्याला नोटीस, असा हा उफराटा न्याय आहे.

उंचीचा प्रश्न याहून बिकट. झोपडीच्या उंचीबाबत पालिकेच्या व्यवहारात १४ फुटांचे माप वर्षानुवर्षे प्रमाण मानले गेले आहे. पत्र्याखाली थर बसवावयाचा तर मुळात बुटक्या खोलीची उंची आणखी कमी होते. वर बसवावयाचा तर छप्पर काही इंचांनी चढते आणि ‘उभ्या मापात बदल’ झाल्याचा ठपका येतो. मजला चोरून चढविण्याचा ज्याच्या मनात विचारही नाही, त्याला मजले चढविणाऱ्या दलालाच्या पंक्तीला बसविले जाते. आणि ज्याने खरोखरच मजला चढविला आहे, त्याने वर्दी कोठे पोहोचवायची हे आधीच शोधून ठेवलेले असते.

राज्याच्या उर्वरित शहरांत चित्र किंचित वेगळे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम ४३ विकासकामाला परवानगी आवश्यक मानते. परंतु केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरती असणारी किंवा तिच्या बाह्य स्वरूपावर विशेष परिणाम न करणारी सुधारणा ते कलम वगळते. पत्र्याखाली आतून बसविलेला थर या अपवादात सहज बसतो. तथापि नागपूर, चंद्रपूर, सोलापूर यांसारख्या भाजून निघणाऱ्या शहरांतील किती प्रभागांत ही गोष्ट नागरिकाला सांगितली जाते? जो कायदा नागरिकाच्या बाजूने आहे तो दप्तरात राहतो आणि जो विरुद्ध आहे तो नोटिशीच्या रूपाने दारावर चिकटतो.

संहिता कोणासाठी?

शासनाला ऊर्जाबचतीचे महत्त्व कळत नाही असे मुळीच नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली झाला. व्यापारी इमारतींची ऊर्जासंहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. छपरातून एका अंशाच्या फरकास दर चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, असे शास्त्रशुद्ध माप तिने घालून दिले. उघडा लोखंडी पत्रा याच्या चौपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. म्हणजे रोग कोणता आणि औषध कोणते, दोन्ही शासनास ठाऊक आहेत. पण ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामासाठी आहे. २०२२ साली मूळ अधिनियमात दुरुस्ती होऊन निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या, त्याही १०० किलोवॉट वा तत्सम मोठ्या वीजजोडणीच्या. बिल्डरांच्या मनोऱ्यासाठी संहिता, तज्ज्ञ, प्रमाणपत्रे, आणि दहा बाय पंधराच्या खोलीसाठी केवळ मनाईचे कलम, अशी ही विभागणी आहे.

याच देशाने १९४८ साली कारखाना अधिनियम केला तेव्हा त्याच्या कलम १३ मध्ये असे लिहिले की, कारखान्याच्या भिंती व छप्पर अशा साहित्याचे आणि अशा रचनेचे असावे की आतील तापमान शक्य तितके कमी राहील. कामगार चळवळीच्या लढ्यातून आलेले हे कलम होते. नंतरच्या काळात उत्पादन कारखान्यातून उठून घराघरांत गेले. मालकाने छपराचा, विजेचा आणि जागेचा खर्च कामगार स्त्रीच्या माथी मारला. काम घरी आले, पण छपराविषयीचे ते कलम मात्र कारखान्याच्या दारातच थांबले. घरखोलीतील उष्णतेचा प्रश्न हा म्हणूनच कामगार कायद्याचाही प्रश्न आहे.

परवानगी आणि मान्यता

प्रभाग कार्यालयात परवानगी मागावयास गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न छपराविषयी विचारला जात नाही, जमिनीविषयी विचारला जातो. जमीन कोणाची? पालिकेची, जिल्हाधिकाऱ्यांची, म्हाडाची, रेल्वेची, की खासगी? फोटोपास आहे काय? १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे काय? या प्रश्नांच्या चक्रात माणूस एकदा सापडला की तो परत जातो. मग एक तर तो पत्र्यावर ताडपत्री आणि जुने फलक टाकून दिवस काढतो, किंवा मुकादमापासून वरपर्यंत ‘समजूत’ घालून रात्रीतून काम उरकतो. परवान्याची अवघड वाट हीच हप्त्याच्या सोप्या वाटेची जननी असते.

या अडवणुकीमागे प्रशासनाचे एक तत्त्व आहे आणि त्याला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. प्रशासन म्हणते, दुरुस्तीची परवानगी दिली तर उद्या तोच कागद मालकीहक्काचा पुरावा म्हणून न्यायालयात येईल. हा युक्तिवाद नवा नाही. पाण्याच्या बाबतीत तो अनेक वर्षे केला गेला. १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून जो झगडा मांडला, त्यात हेच ऐकविले जाई. वस्ती अधिकृत आहे की अनधिकृत, या वादाने माणसाची तहान थांबत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी नगरराजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवली आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या प्रकरणात तेच तत्त्व मान्य केले. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अनधिकृत झोपड्यांनाही ते नाकारता येणार नाही, आणि पाणी दिल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. नळजोडणी आणि मालकी यांची फारकत करता येते, तर छपराची दुरुस्ती आणि मालकी यांची का करता येऊ नये? परवानगीच्या कागदावर ‘हा मालकीचा पुरावा नव्हे’ ही एक ओळ छापली की प्रशासनाची भीती संपते. त्यानंतरही अडवणूक चालू राहिली, तर तिचे कारण कायद्यात शोधण्याची गरज उरत नाही.

उष्णता हाही जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ साली ‘शीतल छप्पर धोरण’ जाहीर करून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे लक्ष्य ठेवले. मुंबईचाही हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात पालिका सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आराखड्याविषयी सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक त्यानंतर बराच काळ नव्हताच.

परवाना रद्द करा, असे म्हणावे काय?

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. परवान्याचा जाच पाहून काही मंडळी म्हणतात, सारे निर्बंध उठवा, बाजार आपोआप घरे थंड करील. या मताचा फोलपणा लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने रक्ताच्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. नगरपालिकेच्या मालकीची ही २४ मजली इमारत, श्रमिक आणि स्थलांतरित कुटुंबांची. २०१६ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिला बाहेरून उष्णतारोधक थर आणि वरून आवरण बसविण्यात आले. खर्च सुमारे ३ लाख पौंडांनी कमी व्हावा म्हणून जस्ताऐवजी ज्वलनशील गाभ्याचे अ‍ॅल्युमिनियमचे तक्ते वापरले गेले. १४ जून २०१७ च्या पहाटे त्या आवरणाने पेट घेतला आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. भाडेकरूंनी आगीच्या धोक्याविषयी आधी इशारे दिले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी आयोगाच्या अंतिम अहवालाने प्रत्येक मृत्यू टाळता आला असता असे म्हटले आणि साहित्य विकणाऱ्या कंपन्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवले.

ग्रेनफेलच्या कामाला स्थानिक नगरपालिकेच्या बांधकाम विभागाची संमती होती, ही यातील सर्वांत बोलकी गोष्ट. परवाना होता, शिक्का होता, परंतु त्या शिक्क्याने साहित्य जळते की नाही हे पाहिले नाही. मुंबईचे कलम ३४२ देखील छपराचे साहित्य ‘तेच’ आहे काय एवढेच पाहते, ते पेट घेते काय, विषारी आहे काय, मुलांच्या श्वासात जाते काय, हे पाहत नाही. दाट वस्तीत एका खोलीला लागलेली आग शंभर खोल्या खाते. अशा ठिकाणी स्वस्त म्हणून थर्माकोलचे उघडे तक्ते छताला लावणे म्हणजे उष्णतेच्या बदल्यात अग्नी विकत घेणे होय. यास्तव समाजवाद्यांची मागणी परवाना नष्ट करण्याची असू शकत नाही. परवान्याने चुकीच्या गोष्टीवरची नजर काढून योग्य गोष्टीवर ठेवावी, ही ती मागणी आहे.

भाडेकरूचा प्रश्न

दुसरा धोका भाडेकरूंचा. घर सुधारले की भाडे वाढते आणि ज्याच्यासाठी सुधारणा झाली तोच घराबाहेर फेकला जातो. जर्मनीत हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तेथील कायद्याने आधुनिकीकरणाच्या खर्चाचे ११ टक्के दरवर्षी भाड्यात चढविण्याची मुभा घरमालकाला होती. भाडेकरूंच्या रोषानंतर २०१९ पासून हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले आणि सहा वर्षांत चौरस मीटरमागे कमाल ३ युरो अशी मर्यादा पडली. बर्लिनमध्ये ‘सामाजिक संरक्षण क्षेत्रे’ ठरविण्यात आली आहेत. त्या क्षेत्रांत घराच्या फेरबदलाला प्रभाग प्रशासनाची परवानगी लागते. उष्णतारोधनाचे कायद्याने आवश्यक ठरविलेले किमान काम प्रशासनाला नाकारता येत नाही, परंतु त्या निमित्ताने केलेली चैनीची आणि भाडे फुगविणारी कामे नाकारता येतात. तेथे परवाना रहिवाशाची ढाल होऊ शकतो. परवान्याचे हत्यार कोणाच्या हाती आणि कोणाविरुद्ध, हाच खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम १४ घरमालकावर जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी टाकते. त्याने हयगय केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. महिना शंभर रुपये भाडे असलेल्या चाळीतील खोलीचा हिशेब केला तर ही रक्कम वर्षाला तीनशे रुपये होते. तीनशे रुपयांत छप्पर तर सोडाच, एक पत्राही धड येत नाही. शिवाय हे कलम दुरुस्तीचे, सुधारणेचे नव्हे. आणि दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून मागण्याचा मार्ग घरमालकाला त्याच अधिनियमाने दिलेला आहे. चाळकरी छपराविषयी तक्रार करावयास कचरतो, ते या भयाने.

मागण्या आणि काम

या विवेचनातून निघणाऱ्या मागण्या पाच आहेत. पहिली, राज्य विधिमंडळाने कलम ३४२ च्या स्पष्टीकरणात दुरुस्ती करून ‘त्याच साहित्याने’ या शब्दांपुढे ‘अथवा मान्यताप्राप्त अज्वलनशील उष्णतारोधक साहित्याने’ हे शब्द घालावेत, आणि अशा थरामुळे वाढणारी एक फुटापर्यंतची उंची मापात धरू नये. दुसरी, ही दुरुस्ती होईपर्यंत अशा कामांना एका पानाच्या अर्जावर, विनाशुल्क, पंधरा दिवसांत परवानगी मिळावी, जमिनीचा वाद त्यात आणू नये आणि हा कागद मालकीचा पुरावा नव्हे असे त्यावरच छापावे. तिसरी, पालिकेने तपासलेल्या साहित्याची यादी दरांसह मराठीत प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावी आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे सुरक्षितपणे उतरविण्याचे काम स्वखर्चाने करावे. चौथी, उष्णतारोधनाच्या कारणाने भाडेवाढ किंवा जागा खाली करण्याची मागणी करता येऊ नये, आणि कलम १४ मधील एक-चतुर्थांशाची मर्यादा अशा कामापुरती उठवावी. पाचवी, सफाई कामगारांच्या वसाहती, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने यांची छपरे पालिकेने प्रथम सुधारावीत. जी संस्था स्वतःच्या कामगाराचे छप्पर थंड करीत नाही, तिने इतरांना उपदेश करू नये.

मागण्यांचे निवेदन देऊन काम संपत नाही. डॉ. लोहिया यांनी राजकारणाची तीन साधने सांगितली: फावडे, तुरुंग आणि मतपेटी. छपराच्या प्रश्नात तिन्ही लागू पडतात. कलम ३४२ च्या स्पष्टीकरणात रंगकाम हे परवान्याविना करता येणारे काम आहे. तेव्हा छपराला पांढरा लेप देण्यासाठी कोणाच्याही शिक्क्याची वाट पाहावयाची नाही. मार्च महिना लागण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एक गल्ली निवडावी, श्रमदानाने चुन्याचा लेप द्यावा, आणि लेप दिलेल्या व न दिलेल्या खोल्यांतील दुपारचे तापमान साध्या तापमापकाने महिनाभर वहीत नोंदवावे. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, हे वस्तीला आधीच सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी फसवणुकीचा आरोप करणार नाही. ही वही हेच प्रभाग कार्यालयावरील मोर्चाचे निवेदन होईल. ज्या खोलीला सुधारणेबद्दल नोटीस येईल, तिच्या दारात कार्यकर्त्यांनी उभे राहावे आणि नोटिशीचे लेखी उत्तर द्यावे. पालिकेच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कलम ३४२ मधील त्या चार शब्दांविषयी भूमिका विचारावी.

नगरपालिका हे नागरिकाला सर्वांत जवळचे शासन आहे. ते त्याच्या नळात, मोरीत आणि छपरात राहते. या जवळच्या शासनात ज्या पक्षाला हात घालता येत नाही, त्याच्या दूरच्या क्रांतीवर वस्ती विश्वास ठेवीत नाही. १८८८ सालच्या कायद्याच्या एका स्पष्टीकरणात अडकलेले ५२ लाखांचे छप्पर मोकळे करणे, हे काम लहान असेल, पण ते अमक्या कलमात, अमक्या कार्यालयात आणि अमक्या गल्लीत करावयाचे असे नेमके काम आहे. ते येत्या उन्हाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.